वाल्दोराचा बाजार

९ सप्टेंबर, मंगळवार. डब्लिन, ओहायो

या वेळी मी अटलांटिकवर असायला हवा होतो. त्याऐवजी मी स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून मुगाची खिचडी खातो आहे. फ्रिज रिकामा करून निघालो होतो, त्यामुळे दुसरं काही नाही.

झालं ते इथे स्वच्छ लिहून ठेवतो. इथल्या मराठी मंडळात उद्या तिखटमीठ लावून सांगितलंच जाईल, निदान मला तरी खरं काय ते आठवावं.

कोलंबसच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट उलटसुलट केला आणि विचारलं, "युरोपचा व्हिसा?" मी ऐटीत ग्रीन कार्ड पुढे केलं. कॅनडा, मेक्सिको, कोस्टा रिका, सगळीकडे आजवर या कार्डावर निभावलं आहे. इटलीतही निभावेल असं मी धरून चाललो होतो. ती फार गोड आवाजात म्हणाली की नाही निभावणार.

अडतीस वर्षं अमेरिकेत राहून मी भारताचा पासपोर्ट सोडलेला नाही. मंडळाच्या पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमात त्यावर भाषणही ठोकलं होतं, टाळ्या पडल्या होत्या. माझ्या बायकोने, वीणाने मात्र वीस वर्षांपूर्वीच हॉस्पिटलच्या लंच ब्रेकमध्ये जाऊन नागरिकत्वाची शपथ घेतली आणि अमेरिकेचा पासपोर्ट करून टाकला. तिला व्हिसा लागत नाही. मला लागतो. आणि दहा दिवसांत बारा शहरं या सहलीचा व्यवस्थापक मीच! सोबत येणाऱ्या आमच्या मित्रांचे, रवी आणि नैनाचे कागद मी तीन-तीनदा तपासले होते. माझे तपासायचं कुणाच्या डोक्यात येणार?

"तू जा," मी वीणाला म्हटलं. "रवी-नैना आहेत सोबतीला."

"नको," ती म्हणाली, "मीही घरी येते." आणि तिने वजनकाट्यावरची बॅग खाली घेतली. गुडघा दुखायला लागल्यापासून इतक्या चपळाईने तिला काही उचलताना मी पाहिलं नव्हतं. रागात माणसाला बळ येतं. गाडीत ती एक शब्द बोलली नाही, खिडकीबाहेर बघत होती. बिचारी.

लग्नानंतर महाबळेश्वरला मी तिला वचन दिलं होतं की एक दिवस तुला इटली दाखवीन. त्याला यंदा चाळीस वर्षं झाली. मला स्वतःची फार लाज वाटते आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

दोन दिवस घरात बसून आहोत. बॅगा दारातच आहेत, उघडायचा धीर होत नाही. रवीने रोमहून पिझ्झाचा फोटो पाठवला. मी अंगठा दाखवला.

संध्याकाळी शिकागोहून अनयाचा फोन. आमची मुलगी वकील आहे, त्यामुळे सहानुभूती कमी आणि तोडगे जास्त. "डॅड, युवर बॅग्ज आर पॅक्ड. जस्ट गो समव्हेअर!" मग तिनेच सांगितलं की पूर्वेकडे, पेन्सिल्व्हेनियाच्या बाजूच्या टेकड्यांत वाल्दोरा नावाचं गाव आहे. तिच्या मैत्रिणीचं लग्न तिथे झालं होतं. शंभर वर्षांपूर्वी दगडाच्या खाणींवर इटलीहून पाथरवट आले, त्यांनी वसवलेलं. मधे चौक, चौकाला दगडी कमानी आणि दर शनिवारी बाजार.

"ओहायोत इटली?" मी म्हटलं.

"वेल, यू डोन्ट नीड अ व्हिसा," ती म्हणाली. या मुलीला दयामाया नाही.

वीणाला विचारलं तर ती लगेच हो म्हणाली. माझं मन राखायला म्हणाली असणार.

१३ सप्टेंबर, शनिवार. वाल्दोरा

सकाळी पोचलो. चौक म्हणजे आपल्या शाळेच्या मैदानाएवढा. कमानी आहेत हे खरं, पण एका कमानीखाली टायरचं दुकान आहे आणि दुसरीखाली इन्शुरन्सचं ऑफिस. चर्चचा घंटेचा मनोरा जरा एका बाजूला झुकलेला वाटतो. मी फोनमधल्या लेव्हलने मोजला, सरळ निघाला. आयुष्यभर पाये आणि खोदाई बघितलेल्या इंजिनियरलाही दमलेले डोळे फसवतात. वीणाला म्हटलं, तो खरा झुकलेला मनोरा मी तुला दाखवणार आहे, हे विसरू नकोस. ती भेंड्या बघत होती.

बाजार मात्र भरतो. आजूबाजूच्या पाच-सहा वाड्यांतून लोक पहाटेच येतात. मिरच्या, घेवडे, अक्रोड, चीज, मध. आमची खोली ज्यांच्या घरात वरच्या मजल्यावर आहे त्या रोझाल्बाबाईंचंही तिथे दुकान आहे, म्हणजे एक लांब टेबल आणि वर हिरवं छत. वय ऐंशीच्या पुढे, बांधा लहान, आवाज मोठा. उजवा हात प्लास्टरमध्ये. ऑगस्टमध्ये शिडीवरून पडल्या. या वयात शिडीवर का चढलात विचारलं, तर म्हणाल्या, "अंजिरं खाली येत नाहीत म्हणून."

वीणा तीस वर्षं लहान मुलांची डॉक्टर होती, तिला प्लास्टर दिसलं की राहवत नाही. तिने बोटं हलवून बघितली, सूज बघितली आणि मग घेवड्याची टोपली जड म्हणून स्वतःच उचलून टेबलावर ठेवली. मी चौक बघून परत आलो तेव्हा ती टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभी राहून कुणाला तरी घेवडे मोजून देत होती. दुःखात माणसाला काहीतरी करायला लागतं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

रविवारी रोझाल्बाबाईंनी भरल्या मिरच्यांची बशी वर पाठवली. आता बशी रिकामी कशी परत करायची? वीणाने तिच्यात शिरा भरून दिला. काल सकाळी त्याच बशीत बदामाची बिस्किटं. वीणाने तिच्यातून कोथिंबीरवड्या पाठवल्या. आज घेवड्याचं सूप आलं, बशीत मावेना म्हणून पातेलं. मी म्हटलं, "अगं, धुऊन नुसती परत दे, म्हणजे हे थांबेल."

"रिकामं भांडं द्यायचं?" ती म्हणाली. माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चोरी करायला सांगितली.

खाली गेलो तर रोझाल्बाबाई त्याच चिंतेत. पातेलं परत येईल तेव्हा त्यात काय असेल आणि मग आपण काय द्यायचं. त्यांच्या आईनेही रिकामं भांडं कधी परत केलं नव्हतं. दोघींपैकी कुणीच माघार घेणार नाही, आणि मधल्या मधे माझं वजन वाढणार. एक मात्र चांगलं, वीणाचं मन रमतंय.

आम्ही शुक्रवारी निघणार होतो. अजून आठवडाभर राहू, असं मीच सुचवलं. म्हणजे वीणा म्हणाली, "तुम्हाला राहायचं असेल ना अजून?" आणि मी हो म्हटलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज ग्रामदर्शन केलं. मी नकाशा काढून मार्ग आखला होता: कासेल्ला, तिथून तोरेता, परतताना ब्रुक्स हॉलो. रोझाल्बाबाईंना गाडी चालवता येत नाही सध्या, आणि वीणाला डोंगरी रस्त्यांची भीती वाटते, म्हणून दोघींनाही घेतलं. वाटाड्या असलेला बरा.

कासेल्ला म्हणजे दहा-बारा घरं आणि एक बंद पडलेली शाळा. तिथे सॅल नावाचे गृहस्थ बकऱ्या पाळतात. मी शाळेच्या दगडकामाचे फोटो काढत होतो तोवर दोघी चीजची पेटी घेऊन आल्या. तोरेताला खाणीचा कडा बघण्यासारखा आहे. तिथे मी त्यांना खडकाचे थर समजावून सांगणार होतो, पण दोघी एका अंगणात अक्रोड बघायला गेल्या. ब्रुक्स हॉलोमध्ये इटालियन कुणी नाही, पण मिरच्या फार चांगल्या. परत आलो तेव्हा डिकी, मागची सीट आणि वीणाची मांडी, सगळीकडे पेट्या होत्या.

सहल फार छान आखली होती असं दोघींनीही सांगितलं. पुढच्या गुरुवारी पुन्हा जायचं, म्हणाल्या, आणि सकाळी आठला निघायचं, नाहीतर सॅल चीज दुसऱ्याला देतो. सॅलचा आणि सहलीचा काय संबंध ते कळलं नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

एक ठरवलं आहे, आणि ते फक्त इथे लिहितो. वीणाला मी खरी इटली दाखवणारच. व्हिसाची अपॉइंटमेंट डेट्रॉइटला मिळाली, येत्या बुधवारी. तीच बारा शहरांची सहल आठ नोव्हेंबरला पुन्हा निघते आहे. दोन जागा धरून ठेवल्या. दिवाळीला पाकीट तिच्या हातात द्यायचं.

तिला सांगितलं की घरचा वॉटर हीटर बघायला बुधवारी डब्लिनला जाऊन येतो. "जा की," ती म्हणाली. "पण गुरुवारी आठच्या आत या." मला वाईट वाटलं. एक दिवससुद्धा तिला मी नसलेलं चालत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

डेट्रॉइटचं काम झालं, पासपोर्ट तिथेच ठेवून आलो. आता वाट बघायची.

आज बाजारात एक गंमत. पहिलं गिऱ्हाईक आलं, वीणाने त्याची नोट घेतली आणि कपाळाला लावली. भवानी झाली ना! ते बघून रोझाल्बाबाईंनी ती नोट तिच्या हातून घेतली, ओठांना लावली आणि मगच डब्यात टाकली. "माझे सासरे असंच करायचे," म्हणाल्या. गिऱ्हाईक बिचारं आपल्या नोटेचं कौतुक बघत उभं होतं.

वीणा त्यांना मावशी म्हणते. त्याचा अर्थ विचारून झाल्यापासून त्या दुसऱ्या कुणालाही तशी हाक मारू देत नाहीत. मी एकदा म्हणून बघितलं तर म्हणाल्या, "तू नाही."

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

इथे आपटा कुठला? पण घरामागे रेडबडचं झाड आहे, त्याची पानं जवळजवळ तशीच. वीणाने सकाळी पदरभर, म्हणजे स्वेटरभर तोडली आणि आजच्या फेरीत प्रत्येक वाडीत वाटली. सॅलला पान देऊन म्हणाली, "हे सोनं." सॅलने बराच वेळ उलटून पालटून बघितलं, टोपीत खोचलं, आणि आत जाऊन आम्हाला एक अख्खं चीज आणून दिलं. म्हणाला, सोन्याच्या बदल्यात एवढं तरी द्यायला हवं. मी वीणाला इतकं हसताना कधी पाहिलं होतं ते आठवत बसलो. आठवलं नाही.

पण मी फसणार नाही. एवढ्या दिवसांत तिने एकदाही इटलीचं नाव काढलेलं नाही. परवा नैनाचा फोन आला, तिने व्हेनिसचं वर्णन सुरू केलं तर वीणा म्हणाली, "नैना, मी दोन मिनिटांत करते तुला," आणि नंतर केलाच नाही. जखम खोल आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

व्हिसा आला! घरच्या टपालात पासपोर्ट मिळाला. त्यासाठी मला पुन्हा हीटरचं कारण सांगून डब्लिनला जावं लागलं. "नवीनच घ्या ना हो एक," वीणा म्हणाली. मी पासपोर्ट उघडून तो कागद हायवेच्या विश्रांतीच्या जागी तीनदा बघितला.

घर मात्र उदास वाटलं. टेबलावर धूळ, शेजाऱ्यांच्या गॅरेजांची दारं बंद. रस्त्यावर माणूस नाही. आधीही असंच होतं का? असेलही.

परत आलो तर परसात दोघींची अंजिराच्या झाडाखाली सभा. रोझाल्बाबाईंच्या सासऱ्यांनी इटलीहून येताना कोटाच्या खिशात फांदी आणली होती, तिचं हे झाड. इथल्या थंडीत अंजीर उघड्यावर जगत नाही. म्हणून पानं गळाली की दरवर्षी ते एका बाजूने मुळं मोकळी करून आडवं पाडतात आणि चरात पुरतात. पार एप्रिलपर्यंत. हे काम त्यांचा पुतण्या करायचा, पण तो उन्हाळ्यात नोकरीसाठी टेक्सासला, अर्विंगला गेला. बाईंचं प्लास्टर निघालं असलं तरी हाताला जड उचलायची बंदी आहे. यंदा झाड मरणार असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"मी सांगितलंय त्यांना, आपण करू," वीणा म्हणाली. "पानं गळायला नोव्हेंबरचा पहिला आठवडा उजाडेल. दुसऱ्या शनिवारपर्यंत पुरायला हवं, मग कडक थंडी पडते."

"करू की," मी म्हटलं. खोदाई हा माझा धंदा होता. चर किती रुंद, उतार किती, माती कुठे टाकायची, सगळं मी त्यांना तिथल्या तिथे काठीने आखून दाखवलं. आज फार आनंदात आहे. खिशात व्हिसा आहे.

२० ऑक्टोबर, सोमवार. लक्ष्मीपूजन

पूजा रोझाल्बाबाईंच्या स्वयंपाकघरात केली. डब्लिनला जाऊया म्हटलं होतं, पण वीणा म्हणाली, मावशी एकट्या पडतील. पणत्या नव्हत्या, कोनाड्यांत काचेचे मेणबत्तीदिवे लावले. चकल्या वीणाच्या, बदामाच्या वड्या बाईंच्या.

आरती झाल्यावर मी पाकीट दिलं. वीणाने उघडलं. आत दोन तिकिटं आणि बारा शहरांचा कार्यक्रम. मी व्हिसाचं पानही उघडून दाखवलं. तिने तिकिटं परत पाकिटात घातली. मग म्हणाली, "छान. खूपच छान. किती केलंत तुम्ही." तिच्या दवाखान्यात आई-बापांशी बोलताना ती हाच आवाज काढायची. डोळ्यांत पाणी आलं होतं. मलाही आलं. चाळीस वर्षांचं वचन आहे, साधी गोष्ट नाही.

"आठ नोव्हेंबर," ती म्हणाली.

"शनिवारी दुपारी विमान. शुक्रवारी इथून निघायचं."

रोझाल्बाबाईंनी तारीख ऐकली, आमच्या दोघांकडे बघितलं आणि वीणाला हळूच काहीतरी म्हणाल्या. वीणा म्हणाली, "नाही नाही, ठीक आहे." मग आत गेली आणि उरलेल्या पिठाच्या चकल्या तळत बसली. पीठ बरंच होतं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

अनयाला फोन करून बातमी दिली. मला वाटलं ती नाचेल. ती म्हणाली, "डॅड, डिड यू आस्क हर?"

"काय विचारायचं? सरप्राइझ होतं."

"नो, आय मीन... एव्हर?"

वकिलांची सवय. मी विषय बदलला. पण आज दिवसभर तो प्रश्न कुसळासारखा टोचतो आहे. अंजिराचंही काहीतरी करायला हवं, पुरायचे दिवस आणि आमचं निघणं एकाच आठवड्यात आलं आहे. वीणाने तारखेबद्दल चकार शब्द काढलेला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "मावशींशी बोलले मी. गोणपाटात गुंडाळून बघतील. होईल ते होईल." आणि हसली. हसली ते मला आवडलं नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

बाजार उठत आला होता. मी पेट्या उचलायला कमानीखाली गेलो. टेबलासमोर एक म्हातारे गृहस्थ होते, तोरेताचे अक्रोडवाले. ते म्हणाले, पुढच्या शनिवारी तुझ्यासाठी नवे अक्रोड वेगळे ठेवतो. वीणा म्हणाली, "पुढच्या शनिवारी मी नाही. आम्ही इटलीला चाललो आहोत."

"अरे वा! मजा आहे."

"हो," वीणा म्हणाली. "मजा आहे." आणि ती अक्रोडांची रिकामी टोपली साफ करायला लागली. ती टोपली साफच होती.

मी चाळीस वर्षं या बाईबरोबर राहतो आहे. मी खांबामागे पेटी घेऊन उभा होतो आणि मला पहिल्यांदा वाटलं की मला काही माहीत नाही. अक्रोडवाले गेल्यावर मी पुढे झालो.

"वीणा, तुला इटली बघायची आहे का?"

"आता विचारताय?"

"हो. आता विचारतोय."

तिने टोपली खाली ठेवली. "तिकिटं काढलीत तुम्ही. एवढी डेट्रॉइटला खेप केलीत."

"तुला डेट्रॉइटचं कसं कळलं?"

"अहो, व्हिसाच्या पानावर डेट्रॉइट छापलंय. आणि हीटर बिघडला म्हणून तुम्ही प्लंबरला फोन न करता तीन तास गाडी चालवून त्याला बघायला जाल?"

"ते राहू दे. बघायची आहे का?"

"नाही हो," ती म्हणाली. "कधीच नव्हती."

मी तिथेच पेटीवर बसलो. आत बहुतेक टोमॅटो होते.

"मग चाळीस वर्षं गप्प का बसलीस?"

"तुम्हाला इतका आनंद व्हायचा ते वचन देताना. दरवर्षी नकाशे काढायचात, मला शहरांची नावं पाठ करून दाखवायचात. मला वाटायचं, चालू दे. कधी अनयाची फी, कधी घराचं छप्पर, काहीतरी मध्ये यायचंच. मग तुम्ही रिटायर झालात आणि खरोखरच बारा शहरं ठरवलीत. दहा दिवस, रोज बॅगा भरायच्या, रोज बसमध्ये चढायचं, आणि पुढे छत्री उंच धरून कुणीतरी चालणार."

"छत्री मी धरणार होतो," मी म्हटलं.

"माहीत आहे मला."

"आणि विमानतळावर? तू रागावली होतीस."

"रागावले?" तिने तोंडावर हात ठेवला. "त्या काउंटरवरच्या मुलीला मिठी मारावीशी वाटत होती मला. गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले, कारण हसू आवरत नव्हतं."

मी हसावं की रडावं ते कळेना. थोडं दोन्ही झालं असावं, कारण पलीकडच्या मधवालीने मला नॅपकिन दिला.

"मग तुला हवं होतं तरी काय?"

ती म्हणाली, "घरातून चालत जाऊन भाजी आणायची होती. एवढंच. डब्लिनला पस्तीस वर्षं मी एका पार्किंग लॉटमधून दुसऱ्या पार्किंग लॉटमध्ये गेले. माझं काही वाईट झालं नाही, उगाच कशाला खोटं बोलू. पण इथे परवा मला सर्दी झाली, मी खाली उतरले नाही, तर चार जणांनी मावशींना विचारलं की वीणा कुठे आहे. मला बरं वाटलं हो. लहानपणी सांगलीत वाटायचं तसं." मग थोडं थांबून म्हणाली, "पण जाऊया आपण. तुम्ही मनापासून केलंय. मी खरंच मजा करीन तिथे."

आणि तिने केली असती. ती दहा दिवस हसली असती, फोटो काढले असते, आणि मला आयुष्यभर कळलं नसतं. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

मी काही वचन वगैरे दिलं नाही. पेटीवरून उठलो आणि अक्रोडवाल्यांच्या मागे गेलो. ते गाडी सुरू करत होते. काचेवर टकटक केली आणि सांगितलं, नवे अक्रोड ठेवा, आम्ही आहोत. परत येऊन बघतो तर वीणा टेबलाला टेकून डोळे पुसत होती आणि रोझाल्बाबाई तिच्या पाठीवर डाव्या हाताने थापटत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इतका वेळ लागला?" म्हणजे त्यांनाही सगळं माहीत होतं. बहुतेक सॅललाही असणार.

३ नोव्हेंबर, सोमवार

सहल रद्द केली. रवीला सांगितलं तर त्याने तीनदा विचारलं, व्हिसा मिळाला नाही का? मिळाला आहे म्हटलं. "मग यार, प्रॉब्लेम काय आहे?" त्याला फोनवर समजावता येईना. शनिवारी अंजीर पुरायचं आहे म्हटलं तर तो म्हणाला, नरेंद्र, तू डॉक्टरला दाखव.

८ नोव्हेंबर, शनिवार

बाजार लवकर आटपला. दुपारी सॅल आणि अक्रोडवाले फावडी घेऊन आले. मी चर आधीच आखून ठेवला होता, दोऱ्या बांधून. सॅल म्हणाला, हे झाड पुरायचंय की पूल बांधायचाय? पण चर खोदून झाल्यावर त्याने आत उतरून दोन्ही बाजूंना हात लावून बघितला आणि म्हणाला, पुतण्याचा कधी इतका सरळ नसायचा. मी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

एका बाजूची मुळं सोडवली. फांद्या दोराने हळूहळू आवळून बांधल्या, मोळी बांधतात तशा. वीणा बुंध्याला धरून सांगत होती, "हळू, हळू, अजून थोडं," आणि मुलांना इंजेक्शन देताना म्हणायची तसं झाडाला म्हणत होती, अंग आखडू नकोस, सैल सोड. आम्ही चौघांनी मिळून ते आडवं केलं. एकदा कर्रर आवाज आला आणि सॅलने वाकून बुंधा तपासला. मोडलं नव्हतं. चरात नीट बसलं. वर फळ्या, वाळका पाला, जुनी सतरंजी आणि मग माती.

गुडघ्यांपर्यंत मातीत मी उभा होतो. तीन वाजून गेले होते. विमान आता सुटलं असेल हा विचार मनात आला आणि लगेच सॅलने फावडं मागितलं म्हणून गेला.

माती सारखी करून झाल्यावर रोझाल्बाबाईंनी काठी आपटली. "हे झालं. पण एप्रिलमध्ये वर कोण काढणार? अर्धवट माणसाने काढलं तर मोडतं. ज्याने बांधलं त्यालाच गाठी कळतात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वीणा सोडून. ती खाली बघून हातमोज्यांची माती झटकत होती, एकच जागा पुन्हा पुन्हा. चाळीस वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं आणि आताही मागणार नव्हती. तोंडाशी मोठं वाक्य आलं होतं, महाबळेश्वरसारखं. ते गिळलं.

"वीणा," मी म्हटलं, "एप्रिलपर्यंत इथे राहायला आवडेल तुला?"

तिने मान वर केली. "हो," ती म्हणाली. "मला फार आवडेल."

मी रोझाल्बाबाईंना विचारलं, वरची खोली हिवाळ्यात गरम राहते का?

"राहते," त्या म्हणाल्या. "पण जिन्यावरचा बर्फ तुलाच काढावा लागेल. आणि गुरुवारी आठच्या आत."

वीणाने मातीने भरलेल्या हातमोज्यासकट आपला हात तसाच माझ्या हातात दिला, आणि आम्ही जेवायला आत गेलो.